रेणूचा व्हिसा आणि माझं बदललेलं स्वरूप

"नोव्हेंबरात आपण सौदी अरेबियाला चाललोय," रेणूनं चहा गाळता गाळता सांगितलं. "तू सुट्टी टाकून ठेव."

माझ्या बायकोची ही जुनी पद्धत आहे. बातमी लहान असली, म्हणजे डिशवॉशर गळतोय वगैरे, तर ती मला आधी बसवते, पाणी देते. मोठी असली की चहा गाळताना सांगते, कारण तेव्हा तिला माझ्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

"सौदीला फिरायला कोण जातं?" मी विचारलं.

"आता जातात. पूर्वी यात्रेकरू आणि नोकरीवाले सोडून फारसं कुणाला घेत नव्हते. आता टूरिस्ट व्हिसा सुरू केलाय."

"का?"

"का म्हणजे?"

"इतकी वर्षं दार लावून बसले आणि आता एकदम या या, बसा बसा? का?"

मी गाड्यांच्या ब्रेकमधले दोष शोधण्याची नोकरी करतो. इथं डिट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये आमच्यासारखे पुष्कळ. नीट चालणारी वस्तू समोर ठेवायची आणि ती कशी बंद पडेल याचा दिवसभर विचार करायचा, हे आमचं काम. तेव्हा संशय हा माझा स्वभाव नसून पेशा आहे, असं मी रेणूला लग्नापासून समजावत आलोय. तिचं म्हणणं, पेशावाली माणसं पाच वाजता घरी जातात.

तिला बघायचं होतं हेग्रा. वाळवंटात उभे असलेले मोठाले खडक कोरून केलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची थडगी. रेणू मूळची पुरातत्त्ववाली. पुण्यात शिकताना वेरूळच्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा बघत हिंडायची. मग माझ्याशी लग्न झालं, मग मिशिगन, मग आमची रुचा झाली. डिट्रॉइटच्या आसपास कोरलेले खडक नसल्यामुळे ती आता एका डेंटिस्टच्या ऑफिसात बिलिंग बघते. "खोदकामाशीच संबंध आहे," असं ती पार्ट्यांमध्ये सांगते आणि हसते. लोकही हसतात. मीही हसतो.

मी "बघू" म्हणालो. आमच्या घरी "बघू" म्हणजे नाही. पण या वेळी रेणूनं ते हो म्हणून ऐकलं आणि लॅपटॉप उघडला.

आणि व्हिसा आला की हो!

चहा कपात होता तेवढ्यात आला. आधी तिचा, मग माझा. ग्रीनकार्डवाल्यांना ऑनलाइन मिळतो म्हणे. पासपोर्टची माहिती भरली, फोटो चढवला, ईमेलची घंटी वाजली. रेणू टाळ्या वाजवत होती आणि मी ईमेल पाठवणाऱ्याचा पत्ता तपासत होतो. ज्या माणसानं अमेरिकेच्या व्हिसासाठी छातीशी फाइल धरून मुंबईच्या उन्हात रांग लावली, ज्यानं ग्रीनकार्डाची वाट रुचा पहिलीत असल्यापासून ती ड्रायव्हिंग शिकेपर्यंत पाहिली, त्याला असला व्हिसा पचत नाही. व्हिसा मिळताना थोडा तरी अपमान व्हायला हवा. काचेपलीकडच्या माणसानं आपल्याकडे मान वर न करता एखादा कागद परत सरकवायला हवा. त्याशिवाय तो खरा आहे हे कळायचं कसं?

मी त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. बाई इतकी गोड बोलली की मी घाबरून ठेवून दिला.

रुचा ॲन आर्बरला कॉलेजात असते. तिला फोन केला तर म्हणाली, "बाबा, दॅट्स सो कूल! जस्ट गो!" आमच्या मुलीला काळजी कशाशी खातात ते माहीत नाही. ते खातं माझ्याकडे आहे.

बातमी आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, पसरायला मनोहरकाकांची तळ्याभोवतीची एक फेरी पुरली. काका नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर होऊन मुलाकडे आलेले. जगातल्या कुठल्याही देशाबद्दल त्यांना माहिती असते, आणि ती नेहमी वाईट असते, म्हणून मला ते आवडतात.

"राजीवराव, तुम्ही सौदीले जाऊन राहिले म्हणे," काकांनी मला मेलबॉक्सपाशी गाठलं. "खसखस सांभाळा बाप्पा."

"खसखस?"

"एक दाणा सापडला ना, तर आत टाकतात. अफूच्या झाडाचं बी आहे ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या साडूच्या मित्राचा भाऊ दुबईत होता."

"काका, दुबई वेगळा देश आहे."

"वाळू तर तीच आहे ना?"

आणि रेणूनं तर दिवाळीतले अनारसे तिथल्या गाइडसाठी डब्यात भरून ठेवले होते. अनारसा म्हणजे खसखशीचं अंथरूण घेऊन झोपलेला पदार्थ. त्या संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा मी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून, चष्मा नाकावर ओढून, जुन्या टूथब्रशनं एकेक अनारसा घासत बसलो होतो.

"काय करतोयस?" तिनं पर्सही खाली न ठेवता विचारलं.

"निर्यातीची तयारी."

त्यानंतर मी सुटकेसला आतून व्हॅक्यूम केलं. मागच्या भारतवारीत कुणी कशाचे लाडू पाठवले होते, काय सांगावं? रेणूनं बोडके झालेले अनारसे पुन्हा डब्यात रचले आणि डबा माझ्याच बॅगेत टाकला. "सापडलाच तर तू सापड," म्हणाली.

गाइडचंही मला खरं वाटत नव्हतं. बुकिंग केल्याबरोबर व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू झाले. इंग्रजी स्पेलिंगवरून मी ते नाव घडा असं वाचलं. हा घडा फार चौकशा करायचा. तुम्हाला जेवायला काय चालतं? चालायची सवय आहे का? मॅडमना सगळ्यांत जास्त काय बघायला आवडेल? मॅडमनी काय शिक्षण घेतलंय? आता माझ्या बायकोच्या शिक्षणाशी वाळवंटातल्या एका अनोळखी पुरुषाला काय करायचंय? आमच्या दोघांच्या वतीनं मेसेज मीच बघत होतो. मी वकिलासारखी उत्तरं देत गेलो. जेवण: सर्वसाधारण. आवड: सर्वसाधारण. शिक्षण: पुरेसं.

परिणाम असा झाला की घड्यानं आमचा कार्यक्रम पाठवला त्यात उंटावरची रपेट, अत्तराचं दुकान आणि गरम हवेचा फुगा होता. थडगी नव्हती.

रेणूनं तो वाचला, मग माझा फोन घेऊन वरचे सगळे मेसेज वाचले. तिचा चेहरा इतका शांत झाला की मी आपण होऊन भांडी घासायला घेतली. त्यानंतर ती स्वतःच्या फोनवरून घड्याशी बोलू लागली. बोलू लागली म्हणजे काय, हसू लागली. आमटीला फोडणी देताना हसायची. मी काही विचारलं नाही. माणसानं आपला आब राखावा. मी फक्त तेव्हा फ्रिजमधून काहीतरी काढायचं निमित्त करून तिच्या मागून दोन-तीनदा गेलो.

पण माझी खरी झोप उडवली ती माझ्याच पासपोर्टनं. त्यातल्या फोटोत एक भरघोस केसांचा, जाड मिशांचा, जगाकडे विश्वासानं बघणारा गृहस्थ होता. मधल्या काळात केस गेले, मिशी मीच काढली आणि विश्वासाचं तर विचारूच नका. व्हिसा देणाऱ्यांनी तो फोटो क्षणात पास केला होता, पण तिथं विमानतळावर एखादा खमक्या अधिकारी मला बघून म्हणाला, की हा तो नव्हेच, तर?

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही," रेणू म्हणाली.

"म्हणूनच आता विचारतील."

पासपोर्टची मुदत चांगली शिल्लक होती. तरीही मी नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला. कारणांच्या रकान्यात माझ्या उपयोगाचं एकच कारण होतं: स्वरूपात बदल. म्हणजे मी पूर्वीसारखा दिसत नाही, हे भारत सरकारला सहीनिशी कळवणं आलं. लोक टक्कल लपवायला टोप्या घालतात. मी त्याची नोंद करायला निघालो होतो.

फोटो काढायला फार्मसीत गेलो तर तिथली मुलगी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "सर, युअर हेड इज रिफ्लेक्टिंग." मी डोकं रुमालानं पुसलं. आणखी चमकलं. तो फोटो नामंजूर होऊन आला. दुसरा काढला, त्यात पांढऱ्या भिंतीपुढे माझं डोकं कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते ते कळेना. तोही परत. शेवटी रेणूनं पर्समधली कॉम्पॅक्ट पावडर काढली आणि भर फार्मसीत, सर्दीच्या गोळ्यांच्या शेल्फसमोर, माझ्या टाळूला लावली. पलीकडे ऑफिसातला माझा मॅनेजर खोकल्याचं औषध घेत होता. त्यानं "हाय राजीव" म्हटलं आणि सभ्यपणे दुसऱ्या रांगेत गेला.

निघायच्या आठवड्यात नवा पासपोर्ट आला, सोबत कोपरे कापलेला जुना.

"व्हिसा जुन्या पासपोर्टवर आहे," रेणू म्हणाली. "नव्यासाठी परत काढावा लागेल का, बघ ना जरा."

मी हसलो. तिला म्हटलं, अगं, अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात आणि नवा पासपोर्ट सोबत, असा मी किती वर्षं हिंडलोय. दोन्ही एकत्र दाखवायचे असतात. गेले दोन महिने मी जगातल्या एकूण एक गोष्टीवर संशय घेतला होता. स्वतःच्या अनुभवावर घ्यायचा तेवढा राहिला.

डिट्रॉइट विमानतळावर मी अनुभवी प्रवाशाच्या थाटात दोन्ही पासपोर्ट रबरबँड लावून काउंटरवर ठेवले. तिथल्या मुलीनं नंबर टाकला. पुन्हा टाकला. मग सुपरवायझर बाईंना बोलावलं. मी त्यांना जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि प्रवासाचे आंतरराष्ट्रीय संकेत यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग जुना पासपोर्ट उघडून मिशीवाल्या फोटोवर बोट ठेवलं.

"सर, या गृहस्थांना व्हिसा आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण यांचा पासपोर्ट रद्द झालाय. आणि तुमचा पासपोर्ट चांगला आहे, पण तुम्हाला व्हिसा नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी लहान मूल हसलं. मूलच असावं.

"नवा काढू," रेणू म्हणाली. "लगेच येतो ना."

आम्ही बाजूला खुर्च्यांवर बसून फोनवर अर्ज भरला. फोटो हवा होता. मी भिंतीला टेकलो, वर ट्यूबलाइट होती, पुन्हा पावडर लागली. येणारे-जाणारे बघत होते. सुरक्षा खात्याचा एक माणूस तर थांबूनच बघत होता. अर्ज गेला. आम्ही घंटीची वाट बघितली. आली. व्हिसा नव्हता. अर्ज अधिक तपासणीसाठी राखून ठेवला आहे, असा निरोप होता. त्यांच्या कॉम्प्युटरला एकाच नावाची, एकाच जन्मतारखेची दोन माणसं दिसत होती, एक केसवाला आणि एक बिनकेसवाला, आणि त्याला शंका आली होती. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या जागी मी असतो तर पोलीस बोलावले असते.

"चला, असू दे," मी म्हणालो. "आपण पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी," रेणू म्हणाली. तिनं ते अशा आवाजात म्हटलं, जणू ते एखाद्या गावाचं नाव आहे आणि ती तिथं कधीच पोचलेली नाही.

मग ती उठली. जॅकेटची चेन ओढली.

"आमटी फ्रिजमध्ये आहे. भात लाव फक्त. मंगळवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेव."

"म्हणजे?"

"मी जाते."

"एकटी? सौदीला?"

"व्हिसा माझ्याकडे आहे, राजीव."

मी बघत राहिलो. ती सिक्युरिटीच्या रांगेपर्यंत गेली आणि वळून परत आली. माझा जीव भांड्यात पडला. नाही जमायचं हिला, मला वाटलं. तिनं माझी बॅग उघडली, अनारशांचा डबा काढला आणि गेली.

परतताना गाडीत मी स्वतःशी मोठमोठ्यानं बोललो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. घरी आलो, भात लावला, तोही खाली लागला.

दुसऱ्या दिवशी मेलबॉक्सपाशी काका होतेच.

"गेले नाही काय तुम्ही?"

आता पासपोर्टची हकिकत सांगणं मला शक्य नव्हतं. "ऑफिसात अर्जंट काम निघालं," मी म्हणालो.

काकांनी ड्राइव्हवेमधल्या माझ्या गाडीकडे बघितलं. मग माझ्या पायजम्याकडे. सुट्टी मंजूर झालेली होती, ती कॅन्सल करायची तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी घरीच होतो. काका "असं होय" एवढंच म्हणाले आणि तळ्याच्या दिशेनं नेहमीपेक्षा भरभर चालू लागले.

संध्याकाळपर्यंत सबडिव्हिजनभर माझी नोकरी गेली होती. इथल्या मराठी मंडळाच्या एका ओळखीच्या गृहस्थानं मला काहीही न विचारता दोन कंपन्यांच्या जागांच्या लिंक पाठवल्या. खाली लिहिलं होतं, "हँग इन देअर, यार. धीर सोडू नको." दुसऱ्या दिवशी सुलेखा आली. ही मंडळाची सेक्रेटरी, मुंबईची, रेणूची मैत्रीण. दह्याच्या रिकाम्या डब्यात बटाट्याची भाजी घेऊन आली आणि "बाथरूमला जाऊन येते" म्हणून वर गेली. आमचं बाथरूम खालीही आहे. वरून कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला. रेणूचे कपडे जागेवर आहेत ना, हे ती बघत होती.

"रेणू परत येणारेय ना रे?" तिनं खाली येऊन हळूच विचारलं.

"अर्थात! रिटर्न तिकीट आहे तिचं."

"हो रे. तिकीट असतंच." आणि माझ्या दंडावर थोपटलं.

लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती माझ्या ओळखीची होती. ती मी रोज ब्रेकवर लावतो. ब्रेकला काय वाटत असेल, असा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला.

रेणूचे निरोप तुटक यायचे. पोचले. छान आहे. जेवले. मी लांबलचक प्रश्न पाठवायचो, तिचा अंगठा यायचा. त्या घड्याबरोबर ती वाळवंटात कुठं कुठं हिंडत असेल याची चित्रं मला दिसायची, आणि त्यात तो उंच असायचा. केसही असायचे.

शनिवारी सकाळी काका आणि सुलेखा माझं सांत्वन करायला चहाला आले असताना व्हिडिओ कॉल आला. तिथं संध्याकाळ होत आली होती. मी सुलेखाला दिसेल असा फोन धरला, कारण माझी बायको मला फोन करते हे तिला कळणं गरजेचं होतं. रेणूचं नाक उन्हानं लाल झालं होतं. मागे वाळूत एकटाच उभा असलेला एक प्रचंड खडक, आणि त्यात कोरलेलं दार.

"तो घडा कुठाय?" मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"तो?" रेणू म्हणाली आणि कॅमेरा फिरवला.

रुचापेक्षा थोडी मोठी मुलगी होती. डोक्याला स्कार्फ, पायांत स्पोर्ट्स शूज, तोंडात अनारसा. तिनं घास गिळला आणि रेणूनं शिकवल्याप्रमाणे हात जोडले. "नमस्कार राजीवकाका!" नाव होतं घादा. नुकतंच गाइडचं शिक्षण पुरं केलेली, आणि मॅडम काय शिकल्यात ते तिला यासाठी हवं होतं की कुठल्या मॅडमना काय दाखवायचं ते तिला ठरवायचं होतं.

काका माझ्या खांद्यावरून फोनमध्ये वाकले. "पोरी, त्यात खसखस नाही ना?"

घादाला मराठी कळली नाही. तिनं काकांनाही नमस्कार केला.

तेवढ्यात तिकडे कुणीतरी रेणूला काहीतरी विचारलं. तिनं फोन घादाकडे दिला, आणि मी आत आहे हे घादाही विसरली. त्यामुळे आम्हाला दिसली फक्त वाळू आणि बरेच बूट. पण आवाज येत होता. रेणू इंग्रजीत सांगत होती. हे खालून वर बांधलेलं नाही, वरून खाली कोरलंय. आधी माथ्यावर चढायचं, तिथं उभं राहायला कट्टा करायचा आणि उतरत यायचं. खाली बघा, इथल्या खुणा ओबडधोबड आहेत, कारण इथं पोचायच्या आधी काम थांबलं. आमच्याकडे वेरूळला अख्खं देऊळ असंच काढलंय. कुणी प्रश्न विचारत होतं, ती थांबत होती, विचार करून बोलत होती. बूट वाढत गेले. डेंटिस्टच्या ऑफिसातून फोनवर बोलते तो आवाज नव्हता, माझ्याशी बोलते तोही नव्हता. हा आवाज मी वेरूळला एकदा ऐकला होता. तेव्हा आमचं लग्न ठरायचं होतं आणि मी आवाजापेक्षा तिच्या वेणीकडे जास्त बघत होतो.

आमच्या स्वयंपाकघरात काकांचा चहा निवला.

"ही आपली रेणू?" सुलेखानं विचारलं.

"हो," मी म्हणालो, पण माझी मलाच खात्री वाटत नव्हती. मग मी काकांना आणि सुलेखाला पासपोर्टची सगळी हकिकत सांगून टाकली, फार्मसीतल्या पावडरीसकट. सुलेखा हसून हसून खुर्चीवरून घसरली. काकांना मात्र ते पटलं नाही. "नोकरी गेली तर गेली, त्यात लाजायचं काय," ते जाता जाता म्हणाले.

मी तिला आणायला विमानतळावर गेलो त्या दिवशी, पार्किंगमध्ये गाडी लावताना फोन वाजला. तपासणी पूर्ण झाली होती. मला व्हिसा मंजूर झाला होता. सौदी अरेबिया माझी आतुरतेनं वाट पाहत होता.

रेणू बाहेर आली. काळवंडली होती आणि बुटांमधून वाळू सांडत होती. मी बॅग घेतली. गाडी हायवेला लागेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटी मला राहवेना.

"मी नव्हतो ते बरं झालं का?"

तिनं उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. बायकोनं एवढा वेळ घेऊ नये.

"तू असतास तर मी तुलाच सांभाळत बसले असते," ती म्हणाली. चिडून नाही, सरळ. मग म्हणाली, "फेब्रुवारीत परत बोलावलंय. घादाच्या बरोबरच्या नव्या गाइड मुलींना वेरूळबद्दल सांगायला. मी हो म्हटलंय."

मी "बघू" म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी विचारलं, "ते वरून खाली कोरताना मध्येच चूक झाली, म्हणजे खडकाला भेग वगैरे निघाली, तर काय करायचे ते लोक?"

ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत मी तिला तिच्या विषयातलं काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिलाही आठवत नसावं.

"कधी भेग चुकवून पुढे जायचे," ती म्हणाली. "आणि फारच वाईट निघाली तर सगळं तसंच टाकून दुसरा खडक बघायचे. अर्धवट सोडलेली आहेत तिथं कितीतरी."

हे ती थडग्यांबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, असा मला दाट संशय आला. पण मी विचारलं नाही. ती सांगत होती, हातवारे करून करून सांगत होती, आणि ऐकण्याच्या नादात हायवेवरून घराकडे वळायचा माझा एक्झिट मागे पडला. तिनंही तो बघितला होता. पण तीही काही बोलली नाही.